मुंबईत घर आणि दुकान एकाच कंपनीच्या विजेवर असूनही दुकानाचा युनिटचा दर जास्त का?

कारण दर कंपनी मनाने लावत नाही. विद्युत कायदा, 2003 नुसार महाराष्ट्र वीज नियामक आयोग तो ग्राहकाच्या वर्गवारीनुसार ठरवतो, आणि घरगुती वर्गाचे सुरुवातीचे टप्पे स्वस्त ठेवण्याचा काही भार व्यापारी वर्गावर टाकतो. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. बेस्ट असो, अदानी, टाटा की मुलुंड-भांडुपकडची महावितरण, पद्धत हीच. आयोगाचे दर आदेश सगळ्यांना वाचायला खुले आहेत, त्यातच हे आहे. दोन्ही बिलं शेजारी ठेवून पाहा:

- वीज आकार: घराला 100, 300, 500 युनिटचे टप्पे, म्हणून कमी वापराला कमी दर.
- इंधन समायोजन आकार: कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज महागली की वाढतो. दोन दर आदेशांच्या मधल्या काळात बिल अचानक फुगतं ते बहुतेकदा यामुळेच.
- विद्युत शुल्क: हा राज्य सरकारचा कर, घरगुती 16 टक्के, व्यापारी 21 टक्के. तो बिलाच्या रकमेवर टक्क्याने लागत असल्याने मूळ दरातला फरक आणखी रुंदावतो. लहान दुकानदाराला हेच जास्त जाचतं, असं माझं मत.

मात्र राहत्या घराच्याच एका भागात शिवणकाम, शिकवणी असा छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला 300 व वर्षाला 3,600 युनिटच्या आत असेल, तर घरगुती दर मिळू शकतो. स्वतंत्र गाळ्याला ही सवलत नाही.