ठेव मोडा, पण तलावासाठी नाही

रत्नागिरीतल्या एका ६६ वर्षांच्या वाचकांचं पत्र आलं आहे. लोट्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीतून ते निवृत्त झाले. पत्नी ६१ वर्षांच्या. मुलगी लग्न होऊन पुण्याला. शहराच्या टोकाला १४ वर्षं जुन्या, ४० फ्लॅटच्या सोसायटीत दोघं राहतात. मागच्या मोकळ्या जागेत पोहण्याचा तलाव आणि क्लब हाऊस बांधायचा प्रस्ताव कमिटीने आणला आहे. प्रत्येक फ्लॅटमागे १ लाख ४० हजार रुपये. चाळीसपैकी सतरा फ्लॅट मुंबईकरांचे, ते गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात उघडतात. ही मंडळी तलावाच्या बाजूने आहेत. बारा महिने राहणाऱ्यांत दोन तट पडले आहेत. अध्यक्ष म्हणतात, फ्लॅटची किंमत पाच लाखांनी वाढेल. पत्रलेखकांना डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं आहे, म्हणून त्यांचं मन तलावाकडे ओढ घेतंय. काकू म्हणतात, मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीला तलाव कशाला?

प्रश्न एवढाच आहे: "पैसे भरण्यासाठी एफडी मोडू, की एफडीवर कर्ज काढू?"

काका, हा प्रश्न मी बाजूला ठेवणार आहे. तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच एका ओळीने मला अस्वस्थ केलंय. तुम्ही लिहिलंय, "२८ लाखांच्या चार पावत्या आहेत, व्याज पावणेअकरा टक्के, एजंट घरी येऊन देऊन जातो, टीडीएसही कापत नाहीत."

पावणेअकरा टक्के कुठलीही धड बँक देत नाही. पावती काढून वरचं नाव नीट वाचा. ती पतसंस्था आहे. तुम्ही एफडी म्हणता, एजंटही एफडी म्हणतो, पावतीचा कागदही बँकेच्या पावतीसारखाच दिसतो. पण बँकेतल्या ठेवीमागे जे उभं असतं ते इथे नाही. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवी देतं. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पतसंस्थेला नाही. एक रुपयाचाही नाही. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते आणि सहकार खात्याच्या निबंधकाच्या अखत्यारीत येते. ठेव ठेवण्यापूर्वी तुमच्याकडून नाममात्र सभासदत्वाच्या अर्जावर सही घेतली असेल, आठवून बघा.

आणि टीडीएस कापत नाहीत म्हणून कर लागत नाही, हे एजंटने सांगितलं असेल तर साफ चुकीचं सांगितलंय. उलाढाल फार मोठी नसेल तर सहकारी संस्थेला सभासदाच्या व्याजावर कर कापण्यातून सूट आहे, सभासदाला व्याजावरच्या करातून नाही. तुमच्या उत्पन्नावर नव्या कररचनेत बहुधा काही भरावं लागणार नाही, ती गोष्ट वेगळी. पण "टॅक्स फ्री" म्हणून साठी उलटलेल्या माणसाच्या हातात ही पावती देणं मला सहन होत नाही.

तुम्हाला पावणेअकरा देऊन, ऑफिस, पगार आणि एजंटचं कमिशन सांभाळायचं, तर पतसंस्थेला चौदा-पंधरा टक्क्यांनी कर्ज द्यावं लागतं. बँक त्याहून कितीतरी कमी दराने घरकर्ज देत असताना पंधराने कोण घेईल? बहुतेक वेळा ज्याला बँकेने नाही म्हटलंय तो. आपल्याकडे म्हणजे आंब्याच्या बागायतीवर उचल घेणारा, बोटवाला, किनाऱ्यावर लॉज बांधायला काढलेला माणूस. ही माणसं खोटी नसतात, कष्टाळूच असतात. पण मोहोर करपला की सगळ्या बागायतदारांचा एकदम करपतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं, त्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वर्षी एका गावातले सगळे कर्जदार एकाच वेळी थकतात. पतसंस्थेचा सगळा पैसा त्याच दोन-तीन तालुक्यांत फिरत असतो, त्यामुळे दुसरीकडून भरून काढायची सोयच नसते.

सगळ्या पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चोख चाललेल्या संस्था आहेत, तुमचीही त्यांतली असू शकेल. पण चांगली असली तरी विमा नाही, आणि तुमच्या एकूण ३३ लाखांच्या शिलकीपैकी २८ लाख तिथे एका जागी ठेवलेत, बँकेत फक्त पाच. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, नवऱ्याच्या ग्रॅच्युइटीची पावती घेऊन. मुदत संपली तेव्हा काउंटरवर "गणपतीनंतर या" म्हणाले. मग "दिवाळीनंतर". मग "शिमग्यानंतर". त्यानंतर संस्था गुंडाळून देणी भागवायला अवसायक नेमला गेला, आणि हप्त्याहप्त्याने मिळालेली रक्कम मुद्दलाच्या निम्मीही नव्हती. त्या बाई घरी परत जाताना मला म्हणाल्या, व्याज इतकी वर्षं अगदी वेळेवर येत होतं हो. वेळेवर येणाऱ्या व्याजावरून मुद्दल सुरक्षित आहे असं समजू नका.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ठेव मोडा. चारही पावत्या मोडा. पण तलावासाठी नाही.

दोन पावत्यांची मुदत तीन महिन्यांत संपतेय असं तुम्ही लिहिलंय. तरी थांबू नका. मुदतीआधी मोडल्याने व्याज टक्का-दोन टक्के कमी लागेल, म्हणजे वर्षाच्या व्याजात अठ्ठावीस ते छप्पन्न हजारांचा फटका. २८ लाखांपुढे ही रक्कम काहीच नाही. आधी एक पावती मोडायला द्या. चार दिवसांत चेक हातात आला तर उरलेल्या तीन लगेच द्या. "साहेब बाहेर आहेत, पुढच्या आठवड्यात बघू" असं ऐकू आलं, तर उरलेल्या तिन्हींचे अर्ज त्याच दिवशी लेखी द्या, पोच घ्या, आणि उपनिबंधकांच्या कार्यालयात तक्रारीची प्रत द्या. एजंट घरी येईल, रडेल, अर्धा टक्का वाढवून देतो म्हणेल. तो ओळखीचा आहे, शेजारचा आहे, हे मला कळतं. तरीही.

आलेले पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा, तुमच्या नावे १४ लाख आणि काकूंच्या नावे १४ लाख. प्रत्येकी ३० लाखांची मर्यादा आहे, म्हणजे आरामात बसतं. सध्याचा दर ८.२ टक्के, पाच वर्षांसाठी बांधलेला, दर तिमाहीला खात्यात जमा, आणि मागे केंद्र सरकार. पोस्टात किंवा बँकेत, दोन्हीकडे खातं निघतं. बँकेतले तुमचे पाच लाख आजारपणासाठी आहेत तसेच राहू द्या.

आता खरा चटका. आज तुम्हाला महिन्याला २५ हजार व्याज आणि २,९०० पेन्शन मिळते, खर्च २४ हजार, चार हजार शिल्लक पडतात. नव्या व्यवस्थेत २८ लाखांवर महिन्याला १९ हजार आणि पेन्शन धरून २२ हजार. म्हणजे दोन हजारांची तूट. हे मी लपवणार नाही. तुमची ऐपत जी वाटत होती ती पतसंस्थेच्या जोखमीवर उभी होती, खरी ऐपत ही आहे. शिवाय व्याज वाढत नाही आणि महागाई थांबत नाही. सहा टक्क्यांनी धरली तरी आजचे २४ हजार पाच वर्षांनी ३२ हजार होतात. तेव्हा थोडं थोडं मुद्दल काढावंच लागेल, त्यात लाज काही नाही, ते त्यासाठीच साठवलंय. पण ते शिल्लक असलं पाहिजे.

या हिशेबात आता तलाव बसवून बघू. १ लाख ४० हजार आजारपणाच्या पाच लाखांतून जातील. ठेवीवर कर्ज काढाल तर ठेवीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त धरून, पावणेतेरा टक्क्यांनी महिन्याला दीड हजार नुसतं व्याज, आणि ती पावती पतसंस्थेतच अडकून राहील. तो मार्ग बंद समजा. पण बांधणीचे पैसे एकदाच जातात, चालवण्याचे दर महिन्याला. फिल्टरचा पंप, वीज, क्लोरीन, सफाई, पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला माणूस, क्लब हाऊसची देखभाल. माझा अंदाज महिन्याला ६० हजारांचा आहे, म्हणजे फ्लॅटमागे दीड हजार. तुमचा मेंटेनन्स १,८०० वरून ३,३०० होतो आणि तूट दोन हजारांवरून साडेतीन हजार. मुंबईकरांपैकी पाच-सहा जणांनी थकवलं तर आणखी. थकबाकीवर सोसायटी व्याज लावू शकते, पण पंपाचं बिल त्या व्याजाची वाट बघत नाही.

बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल असा लहान तलाव धरला तरी ९० हजार लिटर पाणी लागतं. दहा हजार लिटरचे नऊ टँकर, तेही नुसते पहिल्यांदा भरायला. आणि रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ते चार महिने कोण उतरणार? पाणी मात्र तेव्हाही फिरवत ठेवावं लागतं, नाहीतर शेवाळ धरतं. काकूंचा टँकरचा मुद्दा माझ्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा नेमका आहे.

पाच लाखांनी किंमत वाढेल हे विसरा. तुम्ही फ्लॅट विकणार नाही, राहणार आहात. आणि जो विकत घ्यायला येतो तो गळती बघतो, कागदपत्रं बघतो, मेंटेनन्स किती ते विचारतो. ३,३०० ऐकून तो भाव पाडूनच मागेल.

सभेला मात्र जा, आणि नुसता विरोध करून येऊ नका. तुम्ही ओझरतं लिहिलंय की सोसायटीचा १९ लाखांचा सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेला निधी, तोही त्याच पतसंस्थेत आहे, कारण सेक्रेटरींची तिथे ओळख आहे. हे तुमच्या २८ लाखांइतकंच गंभीर आहे. सोसायटीने पैसे कुठे गुंतवावेत हे त्याच सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७० मध्ये ठरवून दिलेलं आहे. ही ठेव त्यातल्या कोणत्या आधारावर ठेवली, हे कमिटीला आणि लेखापरीक्षकांना लेखी विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढच्या वर्षी इमारतीला १५ वर्षं पूर्ण होतील, मग स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करावी लागेल. खाऱ्या वाऱ्यात सळ्या आतून गंजतात आणि स्लॅबचे पोपडे पडतात, त्या दुरुस्तीला हाच फंड लागणार आहे. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जायला हवा. १२ लाख बांधकाम खर्च धरला तर महिन्याला हजार रुपये. १,८०० मध्ये वॉचमन, लिफ्ट, सफाई भागवून हे हजार खरंच बाजूला पडतात का, तेही विचारा.

लोकांना एकत्र बसायला, पोरांना खेळायला जागा हवी ही मागणी रास्त आहे. त्याच मोकळ्या जागेत बॅडमिंटनची आखणी, चार बाकडी, चालायला फरसबंदी वाट, वर पत्र्याची शेड, एवढं फ्लॅटमागे दहा-बारा हजारांत व्हावं, दोन कोटेशन मागवा. तुमच्या गुडघ्यांना ती वाटही उपयोगी पडेल. पोहायचंच असेल तर महिन्याची फी भरून कुठे सोय होते का ते बघा, तेवढे पैसे मी तुमच्या खर्चात आनंदाने धरीन.

सभा २२ तारखेला आहे. पतसंस्थेत त्याआधीच, येत्या सोमवारी सकाळी जा. पावत्यांवर दोघांची नावं आहेत, सह्या दोघांच्या लागतील, तेव्हा काकूंना बरोबर न्या.