कोरियात सणाला स्पॅमचे डबे भेट का देतात?

तुम्ही विचारलंय की भावाला त्याच्या कोरियन कंपनीने चुसॉकला (शरदातला सुगीचा सण) स्पॅमच्या, म्हणजे डब्यातल्या डुकराच्या मांसाच्या, डब्यांचा सेट दिला, तर त्याला कमी लेखलं असं समजायचं का. अजिबात नाही! मी कोरियातल्या सुवॉन शहरात राहते, इथे चुसॉक आणि सॉलाल (म्हणजे चांद्र नवं वर्ष) जवळ आलं की सुपरमार्केटमध्ये या सेटच्या थप्प्याच्या थप्प्या लागतात, छान बॉक्स, त्यात ओळीने मांडलेले निळे डबे, कधी सोबत तेलाच्या बाटल्या. आपल्याकडे दिवाळीला ऑफिसातून ड्रायफ्रूटचा बॉक्स मिळतो ना, त्या मानाची ही भेट आहे. पण डबाबंद मांसाला हा मान कसा मिळाला ते समजायला जरा मागे जावं लागेल.

स्पॅम मूळचं अमेरिकेचं. मिनेसोटातल्या ऑस्टिन गावच्या हॉर्मेल कंपनीने 1937 साली ते बाजारात आणलं. डुकराच्या खांद्याचं मांस हाडावरून सोडवायला किचकट, त्याला गिऱ्हाईक कमी, म्हणून मालकाचा मुलगा जे हॉर्मेल याने ते बारीक करून, मीठ-साखर घालून डब्यात भरायचं ठरवलं. यातली खरी हुशारी अशी की डबा आधी हवाबंद करतात आणि मांस मग आतच शिजवतात, त्यामुळे फ्रिजशिवाय ते वर्षानुवर्षं टिकतं. गुलाबी रंग राहतो तो सोडियम नायट्राइटमुळे.

दुसऱ्या महायुद्धात सैन्याला नेमकं हेच हवं होतं. कंपनीच्याच हिशोबाने 10 कोटी पौंडांहून जास्त स्पॅम दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी गेलं. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने तर आठवणींत लिहून ठेवलंय की याच्याशिवाय आम्हाला आमचं सैन्य पोसता आलं नसतं. आणि जिथे जिथे अमेरिकन तळ पडले तिथे हा डबा राहिला तो राहिलाच - हवाई, ग्वाम, फिलिपिन्स, जपानचं ओकिनावा बेट. ओकिनावात कारलं, टोफू आणि अंडं परतून गोया चंपुरू करतात, त्यातसुद्धा आता असलंच डब्यातलं मांस पडतं. (कारलं आवडणाऱ्यांनी नक्की खाऊन बघा, फार छान लागतं.)

आता कोरिया. 1950 ते 53 च्या युद्धात देश पार उद्ध्वस्त झाला होता, भाताचीच मारामार तिथे मांस कुठून येणार. अमेरिकन तळांच्या आसपास राहणारे लोक सैनिकांच्या मेसमधलं उरलंसुरलं एकत्र उकळून लापशीसारखं करून खायचे, त्यात काय काय सापडायचं ते इथे लिहवत नाही. तळावरच्या दुकानातून सॉसेज, हॅम, स्पॅम चोरून बाहेर यायचं आणि काळ्या बाजारात विकलं जायचं. म्हणजे ज्याची तळावर ओळख किंवा ज्याच्याकडे पैसा, त्याच्याच घरी स्पॅम! माझ्या शेजारच्या आजी सांगतात की त्यांच्या लहानपणी एक चकती सगळ्या भावंडांत वाटली जायची आणि सगळ्यात धाकट्याला कडेचा कुरकुरीत तुकडा.

सोलच्या उत्तरेला उइजॉंगबू नावाचं शहर आहे, तिथे मोठे अमेरिकन तळ होते. तिथे हॉ गी-सुक नावाच्या बाई ओदेंग (माशाच्या पिठल्या मांसाच्या वड्या) विकायच्या, तळावर काम करणारी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे हॅम-सॉसेज आणून द्यायची आणि काहीतरी करून द्या म्हणायची. बाई आधी ते परतून द्यायच्या, मग किमची (आंबवलेली तिखट कोबी) आणि गोचुजांग (मिरचीची आंबवलेली पेस्ट) घालून रस्सा करायला लागल्या. ते बुदेजिगे, म्हणजे लष्करी तळाचा रस्सा. आज त्या गावात बुदेजिगेच्या हॉटेलांची अख्खी गल्ली आहे आणि सोलमधली कॉलेजची पोरंसुद्धा वर मॅगीसारखे नूडल्स आणि चीज टाकून आवडीने खातात. लोक याला गरिबीचं जेवण म्हणून नाक मुरडतात तेव्हा मला खरंच राग येतो, उपासमारीच्या दिवसांत कुणीतरी डोकं लावून लेकराबाळांना चवीचं खाऊ घातलं, याच्याइतकं मोठं स्वयंपाकात काय असतं?

1987 पासून कोरियातलीच सीजे कंपनी लायसन्स घेऊन इथे स्पॅम बनवते, त्यामुळे चोरीमारी संपली, पण चांगली वस्तू ही ओळख तशीच राहिली. त्यात टिकाऊ, किंमत आवाक्यातली, आणि फुकट जात नाही, प्रत्येक घरात संपतंच. 2020 मध्ये तर ग्राहकांनी डब्यावरची पिवळी प्लास्टिकची झाकणं कंपनीला परत पाठवली, कचरा नको म्हणून, आणि कंपनीने त्या चुसॉकला बिनझाकणाचे सेट आणले. इतका जीव लोकांचा या डब्यात.

आणि चव म्हणाल तर इथला भात चिकट आणि बिनमिठाचा असतो, त्याच्यासोबत खारट, तेलकट, कडा खरपूस झालेली चकती म्हणजे जोडी जमते. डब्यातून काढून तसंच खाल्लं तर बुळबुळीत लागतं, म्हणून भावाला सांगा पातळ चकत्या कापून तव्यावर तेल न घालता दोन्ही बाजूंनी लालसर भाजायच्या, स्वतःचीच चरबी पुरते. वरून मीठ तर अजिबात नको. किमची जुनी, आंबट झालेली असेल तर तिच्यासोबत रस्सा करायचा. रोज मात्र खाऊ नका, प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये कर्करोगाचं कारण ठरवलंय, शिवाय मीठही भरपूर. उघडलेला डबा उरला तर मांस दुसऱ्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं.

भाऊ पोर्क खात नसेल तर ऑफिसातल्या एखाद्या कोरियन सहकाऱ्याला सेट देऊन टाकला तरी चालेल, तो मनापासून खूश होईल. आणि पुढच्या सणाआधी एचआरला सांगून ठेवायचं, ट्यूनाचे किंवा नुसत्या तेलाचे सेटही मिळतात.