दुकानदाराने 'गोलायथ' म्हणून दिलेला १२ सेंमीचा आफ्रिकन टायगरफिश खरंच गोलायथ आहे का?

आधी मासा नेमका कुठून आला ते विचारा. गोलायथ (आफ्रिकन टायगरफिशची एक जात) फक्त काँगो नदीच्या खोऱ्यात आणि टांगानिका सरोवरात सापडतो. पिल्लं नायजेरियातून आली असतील तर तो गोलायथ नाही, मग किंमत कितीही लावलेली असो.

मग पाठीवरच्या मोठ्या फिनच्या मागे, शेपटीच्या अलीकडे असलेली लहानशी मांसल फिन बघा. टँकचा लाइट समोरून पडू द्या आणि मासा स्थिर झाला की मोबाइलने फोटो काढून मोठा करा. ती काळी दिसली तर बहुधा व्हिटॅटस (टायगरफिशची दुसरी जात; पुढची नावंही अशाच इतर जातींची). राखाडी किंवा फिकट फिन, सडपातळ अंग आणि शेपटीचा खालचा भाग लालसर असेल तर फोरस्कालीची शक्यता जास्त. ब्रेव्हिस त्यापेक्षा अंगाने रुंद. टांझानीचं घर टांझानियातल्या रुफिजी-रुवू नद्यांत, तो दुकानात क्वचितच दिसतो.

त्याच फोटोत अंगावरच्या मधल्या रेषेवरचे खवले मोजा. गोलायथमध्ये ते ५० च्या पुढे जातात, व्हिटॅटसमध्ये साधारण ५० च्या आत राहतात. मोजायला वेळ लागतो, पण माझा सगळ्यात जास्त भरवसा यावरच. नुसत्या रंगावर जाऊ नका, घाबरलेला मासा फिकट पडतो.

आणि खरंच गोलायथ निघाला तर टँकचा विचार आजच करा. तो सव्वा मीटरच्या पुढे वाढतो, चार फुटी टँक त्याच्यासाठी कोंडवाडाच आहे.