ओळखीची पतसंस्था आणि १८ लाख

प्रश्न : वय ६२, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त शिक्षक, पेन्शन चालू आहे. हाताशी १८ लाख आहेत. गावातली पतसंस्था ठेवीवर ९.५ टक्के देते, अध्यक्ष माझाच विद्यार्थी. मुलगा म्हणतो म्युच्युअल फंडात टाका, पण बाजाराचं काय होईल कोण सांगणार? सगळी रक्कम पतसंस्थेत ठेवू का?

उत्तर : सर, सगळी नको.

१९६१ साली अमेरिकी अर्थतज्ज्ञ डॅनियल एल्सबर्ग यांनी एक कोडं मांडलं. पेटीत ९० चेंडू. ३० लाल, उरलेले ६० काळे आणि पिवळे, पण काळे किती ते माहीत नाही. पैज लालवर लावाल की काळ्यावर? बहुतेक जण लाल म्हणतात, कारण लाल निदान मोजलेले आहेत. बाजाराला तुम्ही बिचकता ते याच स्वभावानं. पण पतसंस्थेची पेटी त्याहून बंद आहे! बाजाराचे भाव रोज दिसतात. संस्थेनं कर्जं कोणाला दिली, थकबाकी किती, हे तुम्ही पाहिलंय का? तुमच्या ओळखीचा आहे तो पेटी धरणारा. आतले चेंडू नव्हेत.

संस्था बुडण्याची शक्यता किती, हे मी सांगू शकत नाही. म्हणून हिशेब उलटा करू. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते. फरक १.३ टक्के, म्हणजे १८ लाखांवर वर्षाला २३,४०० रुपये. अशा ८४ संस्थांमागे वर्षाला एक जरी पूर्ण बुडत असली, तरी हे जास्तीचं व्याज सरासरीत साफ धुऊन निघतं. तुमची संस्था त्याहून भक्कम आहे, हे छातीठोकपणे सांगता येईल? शिवाय बँकेतल्या ठेवीला असतो तो ५ लाखांपर्यंतचा विमा पतसंस्थेला नाही.

माझं मत : १५ लाख पोस्टात, दर तिमाहीला ३०,७५० रुपये हातात येतील (करपात्र, हे लक्षात असू द्या). २ लाख दवाखान्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेत. उरलेला एक लाख हवा तर विद्यार्थ्याच्या शब्दाखातर पतसंस्थेत ठेवा, पण आधी लेखापरीक्षण अहवाल मागून थकबाकीचं पान वाचा. संकोच कसला? त्याच्या वह्या तुम्हीच तपासल्यात. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली, तर तो लाखही बँकेतच बरा.

मुलाचंही अगदीच चूक नाही. तिमाही व्याजातून महिना दोन-तीन हजारांची इंडेक्स फंडाची (शेअर निर्देशांकातल्या कंपन्यांत पैसे लावणारा म्युच्युअल फंड) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेल्या रकमेची गुंतवणूक, सुरू करा, आणि सात-आठ वर्षं त्या पैशाला हात लावू नका.