लांब शब्दाचा आघात शेपटीकडून शोधा

तुम्ही विचारलंय की 'रिस्पॉन्सिबिलिटी'सारखे लांबलचक इंग्रजी शब्द तोडायचे कसे आणि जोर नेमका कुठे द्यायचा.

तोडण्याचं काम सोपं आहे. स्पेलिंग बाजूला ठेवून कानाने मोजा. जितके स्वर ऐकू येतात तितके तुकडे. 'बिझनेस' कागदावर तीन तुकड्यांचा वाटतो, पण तोंडात दोनच येतात: बिझ्-निस. एखादं व्यंजन अलीकडच्या तुकड्यात की पलीकडच्या, यावर कोशांचंही एकमत नसतं, त्यात वेळ घालवू नका.

आघाताचं, म्हणजे जोराचं, मात्र शब्दाच्या शेवटाकडून बघावं लागतं. मी कितीतरी वर्षं सुरुवातीवरून अंदाज बांधायचो आणि चुकायचो. शेवटी 'शन', 'इक' किंवा 'इटी' असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर पडतो: 'एज्युकेशन'मध्ये 'के', 'इकॉनॉमिक'मध्ये 'नॉ'. म्हणूनच 'रिस्पॉन्सिबल'मध्ये 'स्पॉन्'वर असलेला जोर रि-स्पॉन्-स-बि-ल-टी म्हणताना 'बि'वर सरकतो. 'लॉजी' आणि 'ग्राफी'वाल्या शब्दांत शेवटून तिसरा तुकडा धरा. 'इंजिनिअर', 'व्हॉलंटिअर' यांत थेट शेवटचाच: 'निअर', 'टिअर'.

पण जोर देणं हे अर्धंच काम. बाकीचे स्वर ढिले सोडावे लागतात, आणि आपण मराठी माणसं तिथेच अडतो, कारण आपल्याला प्रत्येक अक्षर त्याच्या पूर्ण मापाने उच्चारायची सवय असते. 'फोटोग्राफ' घ्या: जोर 'फो'वर. 'ग्राफी' लागलं की तो 'टॉ'वर जातो आणि मघाचा भक्कम 'फो' चक्क 'फ' होतो: फ-टॉ-ग्र-फी. 'फोटोग्राफिक'मध्ये तो 'ग्रॅ'वर. इंग्रजीतल्या या ढिल्या स्वराला आपला 'अ' अगदी जवळचा आहे, म्हणजे नवीन आवाज शिकायचा नाही, फक्त योग्य जागी वापरायचा. मला हे उमगलं तेव्हा समोरच्यांनी 'पुन्हा सांगा' म्हणणं खूप कमी झालं.

अपवाद आहेतच. 'पॉलिटिक्स' आणि 'ॲरबिक' दोन्हींत जोर पहिल्याच तुकड्यावर. शंका आली की उच्चार देणारा कोश उघडा. त्यातली वरची छोटी उभी रेघ बहुतेक कोशांत जोराच्या तुकड्याच्या आधी असते, नंतर नाही. खालच्या बाजूची तशीच रेघ म्हणजे दुय्यम आघात, मुख्य जोराहून हलका.