हिवाळी अधिवेशनापूर्वी लिहिलेले पत्र

नागपूर

चि. … हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या आपल्या संस्थेच्या दिल्ली कार्यालयातील जनवकिलीची, म्हणजे धोरणबदलासाठी पाठपुरावा करण्याची, आणि शासनसंपर्काची जबाबदारी आता तुझ्याकडे आली, हे वाचून आनंद झाला. मंत्र्यांशी आणि खासदारांशी ओळखी कशा वाढवाव्यात, असे तू विचारले आहेस. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याच्या आधी दुसरा प्रश्न येतो. आपली मागणी ज्या कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर जाणार आहे, त्याने फाइलवरच्या टिप्पणीत नेमके कोणते वाक्य लिहावे अशी आपली इच्छा आहे? ते वाक्य तुला स्वतःला लिहिता येत नसेल, तर मंत्र्यांची भेट होऊनही हाती फक्त फोटो लागतो.

हे मी अनुभवावरून लिहिते आहे. माझ्या पहिल्या हिवाळी अधिवेशनात आम्ही यशवंत स्टेडियमवरून मोर्चा काढला होता. यवतमाळ आणि वर्ध्याच्या बाया आदल्या रात्रीच भाकरी बांधून एसटीने आल्या होत्या. मोर्चा टेकडी रोडवर अडवला गेला, संध्याकाळी पाच जणींचे शिष्टमंडळ आत नेण्यात आले आणि मी अकरा पानांचे, चौदा मागण्यांचे निवेदन मंत्रिमहोदयांच्या हाती दिले. त्यांनी कोपऱ्यात ‘तपासून सादर करावे’ असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला आणि आम्ही पेढे वाटले. तीन महिन्यांनी एका सज्जन कक्ष अधिकाऱ्यांनी तेच निवेदन माझ्यासमोर ठेवले. चौदापैकी नऊ मागण्या त्यांच्या विभागाच्या नव्हत्याच. काही गृह विभागाच्या होत्या, काही महसूलच्या, आणि दोन तर केंद्र सरकारच्या. ते म्हणाले, ‘‘ताई, हा कागद मी पुढे पाठवला तर तो फिरत राहील, आणि इथे ठेवला तर पडून राहील. तुम्हीच सांगा.’’ मला काहीही सांगता आले नाही. चूक पूर्णपणे माझी होती.

पुढच्या वर्षी आम्ही एकच मागणी घेतली. विदर्भात शेतकरी नवरा गेल्यानंतर बाईचे नाव सातबाऱ्यावर चढायला वर्षे लागतात, हे तू आमच्या गावबैठकांत ऐकले आहेस. वास्तविक १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार ती पहिल्या वर्गाची वारस आहे, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत असा हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवण्याची तरतूदही आहे. म्हणजे नवा कायदा नकोच होता. हवे होते ते इतकेच, की मृत्यूची नोंद झाली की बाईने खेटे घालण्याऐवजी तलाठ्याने स्वतःहून वारसांची चौकशी करावी आणि फेरफार, म्हणजे मालकीबदलाची नोंद, घ्यावा, असे एक परिपत्रक. ते परिपत्रक कसे असावे, हे आम्ही त्यांच्याच भाषेत, संदर्भासह लिहून एका पानावर दिले. राज्यभराचा आदेश निघाला नाही. एका जिल्ह्यापुरते पत्र निघाले. पण त्या पत्राची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून घेऊन बाया तलाठी कार्यालयात जाऊ लागल्या, आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर कमी झाले.

म्हणून कोणतीही मागणी हाती आली की आधी ठरव, आपल्याला कायद्यात दुरुस्ती हवी आहे, नियमांत बदल हवा आहे, शासन निर्णय हवा आहे, परिपत्रक हवे आहे की केवळ निधी. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा असतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याचेच उदाहरण घे. त्यात संरक्षण अधिकाऱ्याची तरतूद आहे. पण अनेक ठिकाणी हे काम दुसऱ्याच पदावरच्या माणसाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून असते. येथे ‘कायदा कडक करा’ ही घोषणा निरुपयोगी आहे. पदनिर्मिती हवी आणि पदनिर्मिती म्हणजे वित्त विभागाची संमती, हे समजून घेतल्याशिवाय महिला व बाल विकास विभागाच्या पायऱ्या कितीही झिजवल्या तरी फाइल हलत नाही.

तू दिल्लीत बसणार आहेस, म्हणून आणखी एक गोष्ट. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जमीन आणि पोलीस हे राज्याचे विषय आहेत, तर विवाह आणि वारसा केंद्र व राज्य या दोघांच्याही, म्हणजे समवर्ती सूचीत आहेत. राष्ट्रीय संस्थेला सगळेच दिल्लीतून सुटेल असा मोह होतो. आपल्या प्रश्नांचा मोठा भाग राज्यांच्या राजधान्यांत आणि त्याहून खाली, जिल्हाधिकारी कार्यालयात सुटतो.

अधिवेशनाचे तंत्र येथे येऊन बघ. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी येथे भरते आणि त्या काळात निम्मे मंत्रालय मुंबईहून पेट्या बांधून येते. मोर्चे, रविभवन, आमदार निवास, सगळीकडे गर्दी असते. मात्र त्या गर्दीत जे काम होते त्याची तयारी ऑक्टोबरमध्येच झालेली असते. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते ते, कितीतरी आधी द्यावे लागतात. तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या लक्षवेधी सूचनेसाठी आमदाराला चार ओळींचा नेमका मजकूर आणि खात्रीची आकडेवारी लागते. पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा खर्चात, आपल्या योजनेच्या खर्चाचे लेखाशीर्ष आहे की नाही, हे कोणी पाहतच नाही. तू पाहा. आणि सत्ताधारी व विरोधक या दोघांनाही एकच कागद दे. दोन वेगळे कागद दिलेस तर ते एकमेकांना दाखवले जातातच.

संसदेत लागणारा काळ याहून मोठा असतो. लोकसभा आणि विधानसभांतील महिला आरक्षणाचे विधेयक १९९६ मध्ये पहिल्यांदा मांडले गेले आणि १०६ वी घटनादुरुस्ती झाली २०२३ मध्ये. अभिनंदनाचे पत्रक काढण्यापूर्वी तिच्यातले अंमलबजावणीचे कलम वाच. जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघांची पुनर्रचना ही अट तेथेच लिहिलेली आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहायला घेतले, तिच्याकडे येते. मथुरा खटला तू अभ्यासक्रमात वाचला असशील. मी तो या भागातली म्हणून वाचते. १९७२ मध्ये पूर्व विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. त्यावर उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निकालातील संमतीविषयीचा तर्क त्यांनी कायद्याच्याच भाषेत उलगडून दाखवला, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कोठडीतील बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला. पत्र आणि मोर्चा यांतले कोणते श्रेष्ठ, हा वाद येथे संपतो. एकाशिवाय दुसऱ्याचे काही चालले नसते. पण त्या मुलीच्या खटल्याचा निकाल बदलला नाही. तिच्या नावाने देशाचा कायदा बदलला, तिला काही मिळाले नाही. समितीसमोर साक्षीला एखाद्या बाईला दिल्लीला नेताना हे आठव. जाण्याआधी तिला सांग की यातून तिला काय मिळणार नाही. तिने नकार दिला तर पुन्हा विचारू नकोस.

पैशांची बाजू थोडक्यात लिहिते. परदेशी निधीच्या नियमांत बंद, रास्ता रोको अशा कृतींवरून संस्थेला राजकीय ठरवण्याची तरतूद आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ मर्यादित केला. पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेला केवळ आंदोलनाला पाठिंबा दिला म्हणून त्या वर्गात टाकता येत नाही. तरीही मोर्चाचा खर्च कोणत्या खात्यातून झाला, याची पावती संध्याकाळच्या आत फाइलला लाव.

आणि संत्री. डिसेंबरात दिल्लीला जाताना साहेबांसाठी एक पेटी न्यावी, असे तुला नक्की कोणीतरी सुचवेल. मी एकदा नेली होती. तिथल्या अधिकारी बाईंनी चपराशाकरवी ती कार्यालयातल्या सगळ्यांना वाटून टाकली आणि मला एक संत्रे सोलून दिले. तेव्हापासून मी फक्त कागद नेते.

अधिवेशनाच्या आधी एक रविवार मोकळा ठेव आणि घरी ये. येताना तुझे निवेदन आण, एका पानाचे. सोबत निदान पाच सातबारे आण, ज्यांवर अजून मेलेल्या नवऱ्याचेच नाव आहे. लाल पेन माझ्याकडे आहे.

तुझी,
ताई