वाचकांचे प्रश्न: जुन्या हत्यारांवरचा गंज

पुण्याच्या जुन्या बाजारातून एक बिडाचा रंधा आणि सहा पटाश्या आणल्या. सगळ्यांवर तांबूस गंज आहे, पण हाताला खड्डे फारसे जाणवत नाहीत. घरच्या घरी कशा साफ करता येतील? सगळं एकदम बादलीत बुडवलं तर चालेल का? (पुणे)

एकदम बुडवू नका. पटाशी पोलादाची असते आणि रंध्याचं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. दोघांना एकच औषध चालत नाही.

पटाश्यांपासून सुरुवात करा. आधी रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने तेल-मळ पुसून भांडी घासायच्या साबणाने धुवा. तेलकट जागेवर कुठलंही आम्ल काम करत नाही आणि मग गंज ठिपक्याठिपक्यांनी राहतो. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड घ्या. १ लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम पुरे. प्लास्टिकची अरुंद बरणी किंवा एका बाजूने बंद केलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा वापरला तर द्रावण कमी लागतं. पटाशी पात्यापुरती उभी सोडा, लाकडी मूठ बाहेर राहू द्या.

इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या रेषेवर आम्ल जास्त खातं. पातं अर्धंच बुडालं असेल तर सकाळी त्यावर आडवी काळी रेघ उठलेली दिसते आणि ती घासून जात नाही. म्हणून ही रेषा पात्यावर येऊ देऊ नका, मुठीच्या खालच्या मानेवर ठेवा. अधूनमधून पटाशी थोडी वर-खाली करा.

दर तासाने बाहेर काढून बघा. गंज मऊ होऊन काळ्या चिखलासारखा सुटतो. तारेच्या घासणीने पुसला की खाली करडं पोलाद दिसतं. हलक्या गंजाला २ ते ४ तास लागतात. रात्रभर ठेवायचा मोह होतो, पण गंज संपला तरी आम्ल थांबत नाही, मग ते चांगलं पोलाद खायला लागतं. शिवाय आम्लात तयार होणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. काम झालं की लगेच बाहेर.

पुढची दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. नळाखाली धुवा, मग १ लिटर पाण्यात २ चमचे खायचा सोडा घालून त्यात दोन मिनिटं बुडवा, पुन्हा धुवा, फडक्याने कोरडं करा आणि केस वाळवायच्या ड्रायरने हाताला कोमट लागेपर्यंत तापवा. कोमट असतानाच शिवणयंत्राचं तेल लावा. नुसतं पुसून ठेवलं तर चहा होईपर्यंत पात्यावर पिवळट झाक येते. आम्लातून निघालेलं उघडं लोखंड ओलाव्याला फार लवकर भुलतं.

पटाश्या बऱ्याच असतील किंवा घाई नसेल तर आणखी सौम्य मिश्रण आहे. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा, त्यात ४० ग्रॅम धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने घाला आणि थोडा भांड्यांचा द्रव साबण टाका. सोडा घालताना जोरात फेस येतो, म्हणून भांडं दुप्पट मोठं घ्या. सोडा कोरड्या भुकटीचा हवा. चमकदार ओलसर खडे असतील तर त्यांत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, ते साधारण ११० ग्रॅम घ्यावे लागतात. या मिश्रणात आम्लाचा जोर निम्मा मारलेला असतो, तरी गंज विरघळतो आणि चांगल्या लोखंडाला फारशी झळ लागत नाही. रात्रभर ठेवायचं असेल तर हेच ठेवा.

आता रंधा. मुठी, पातं आणि त्यावरची पट्टी काढा. पातं पटाशीसारखंच साफ करा. बिडाचं अंग मात्र आम्लात घालू नका. बिडात ग्रॅफाइट असतं. आम्ल लोखंड खातं आणि ग्रॅफाइट पृष्ठभागावर उरतं, त्यामुळे हाताला आणि लाकडाला काळं लागत राहतं. शिवाय आतला मूळ काळा रंग सैल पडतो. रॉकेल आणि तारेची घासणी इथे पुरेशी आहे. तळ सपाट करायचा असेल तर ८ ते १० मिलिमीटर जाड काचेवर १८० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) चिकटवा, मग २४०, मग ३२०. पातं जागेवर घट्ट बसवून, पण धार आत ओढून घासा. पात्याच्या दाबाने तळ किंचित वाकतो आणि रंधा मारताना तो त्याच स्थितीत असतो, म्हणून सपाटही त्याच स्थितीत करायचा.

गंज गेल्यावर पटाशीच्या सपाट पाठीवर धारेजवळ काळे टिपके राहिले आहेत. ते घालवणं गरजेचं आहे का? (नाशिक)

ते टिपके म्हणजे खड्डे. धारेपासून साधारण १० मिलिमीटरच्या आत असतील तर घालवायलाच हवेत. धार म्हणजे दोन पृष्ठभागांची भेट. एका पृष्ठभागाला खड्डा असला की धारेत दात पडतो आणि लाकडावर प्रत्येक वेळी एक ओरखडा उठतो. पाठ काचेवरच्या १२० नंबरच्या कागदावर, मग दगडावर सपाट घासत राहा. खड्डा खोल असेल तर पाठ झिजवण्यापेक्षा धारेकडूनच दोन-तीन मिलिमीटर कापणं सोपं पडतं. मुठीकडचे टिपके राहू द्या, त्यांनी काही बिघडत नाही.

ग्राइंडरवर घेणार असाल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. धारेवर निळी झाक आली की पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे त्याचा कडकपणा गेला समजा. तेवढा भाग कापून टाकण्याशिवाय इलाज नाही, कारण तो कितीही पाजवला तरी धार धरत नाही.

गंजलेली करवत लिंबूसत्त्वात ठेवू का? पात्यावर कंपनीचं नाव कोरलेलं आहे. (चिपळूण)

नको. करवतीचं पातं पातळ आणि कडक असतं, आम्लातल्या हायड्रोजनने दात ठिसूळ होतात आणि पुढे दातांना बाक देताना तुटतात. त्यापेक्षा दाढीचं नवं पातं किंवा रंग खरवडायचं पातं जवळजवळ आडवं धरून गंज खरवडा. रॉकेल लावत राहा. तांबूस गाळ निघतो, खालचा जुना काळपट थर जागेवर राहतो. तो काळा थर काढायचा नाही, तो लोखंडाला राखतो.

मग लाकडाच्या ठोकळ्यावर ३२० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून रॉकेलसह लांबीच्या दिशेने घासा. बोटांनी कागद दाबला तर नावावरची कोर पुसली जाते, आणि कोरलेलं नाव गेलं की करवत निनावी होते. नावाच्या जागेवर फक्त तारेची बारीक घासणी, तीही हलक्या हाताने. दातांपासून सुरुवात करू नका आणि हात दातांच्या दिशेने नेऊ नका.

पान्ह्यांवरचा गंज संडास साफ करायच्या ॲसिडने पाच मिनिटांत गेला. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लाल झाले आणि पेटीतले बाकीचे पान्हेही गंजू लागले. (अलिबाग)

त्या द्रवात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. गंज झटपट जातो हे खरं, पण क्लोराइड लोखंडाच्या बारीक छिद्रांत राहून हवेतला ओलावा खेचतं आणि तिथूनच पुन्हा गंज धरतो. त्याच्या वाफा तर न बुडवलेल्या लोखंडालाही सोडत नाहीत, म्हणून पेटीतले शेजारी लाल झाले. किनाऱ्यावर हवेत मीठ आहेच, त्यात ही भर.

सगळे पान्हे पेटीबाहेर काढा. वापरलेले पान्हे खायच्या सोड्याच्या पाण्यात तासभर ठेवा, पाणी दोनदा बदला, मग उकळत्या पाण्यातून काढा. त्याने ते पटकन वाळतात. तेल लावा. पेटीसुद्धा सोड्याच्या पाण्याने पुसून उन्हात उघडी ठेवा. पुढच्या वेळी हे ॲसिड वापरूच नका. चुकून ब्लीचिंगजवळ तर अजिबात नेऊ नका, विषारी वायू निघतो.

क्रोमचा मुलामा असलेल्या पान्ह्यांना कोणतंच आम्ल नको. मुलामा जिथे फाटलाय तिथून आम्ल आत शिरतं आणि बाकीचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. तिथे ॲल्युमिनिअमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा. ॲल्युमिनिअम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत.

वर्कशॉपमध्ये मोठा बेंच व्हाइस पूर्ण गंजून बसलाय. विजेने गंज काढतात असं ऐकलं. कसं करतात? (इचलकरंजी)

मोठ्या बोजड वस्तूला हीच पद्धत बरी, कारण ती चांगल्या लोखंडाला हात लावत नाही. मात्र जुना रंग सगळा उतरतो, हे आधीच ठरवून घ्या.

व्हाइस खोला. बसलेल्या स्क्रूला डिझेल किंवा आत मुरणारं तेल लावून रात्रभर ठेवा, मग हलके ठोके द्या. ग्रीस रॉकेलने पूर्ण काढा, ग्रीसवर वीज काम करत नाही. प्लास्टिकच्या टबात २० लिटर पाणी आणि २०० ग्रॅम धुण्याचा सोडा. भंगारातली साधी लोखंडी पट्टी किंवा सळई एका बाजूला उभी करा. बॅटरी चार्जरची १२ व्होल्टची लाल, म्हणजे धन तार भंगाराला, काळी तार व्हाइसला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. तारा उलट जोडल्या तर भंगार साफ होतं आणि व्हाइस खाल्ला जातो, म्हणून चालू करण्याआधी पुन्हा एकदा बघा.

२ ते ४ ॲम्पिअर विजेवर ६ ते १२ तास लागतात. भंगाराच्या समोरची बाजूच नीट साफ होते, तेव्हा मधे व्हाइस फिरवा किंवा दोन्ही बाजूंना पट्ट्या लावा. नव्या धाटणीचा स्वयंचलित चार्जर बॅटरी नसली की चालूच होत नाही, जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर शोधा.

तीन गोष्टी मात्र टाळा. स्टेनलेस स्टील भंगार म्हणून वापरू नका, त्यातलं क्रोमिअम विषारी रूपात पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ टाकू नका, क्लोरिन निघतो. आणि बंद खोलीत करू नका, व्हाइसवरचे बुडबुडे हायड्रोजनचे असतात आणि तारेची एक ठिणगी त्यांना पुरते. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद करा. पटाशी, करवत, स्प्रिंग यांना ही पद्धत वापरू नका, तोच ठिसूळपणाचा धोका इथेही आहे.

बाहेर काढल्यावर काळा गाळ धुऊन, वाळवून त्याच दिवशी रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचा हात द्या. स्क्रू आणि सरकत्या जागांना रंग नाही, तिथे ग्रीस.

विळी आणि अडकित्ता रॉकेलने साफ केले तर चालतील का? (सातारा)

खाण्याच्या हत्याराला रॉकेल नको. ओली विटकरीची पूड किंवा राख लिंबाच्या फोडीवर घेऊन घासा, पाच मिनिटं थांबा, धुवा. मीठ टाकू नका. लगेच कोरडं करून खोबरेल पुसा. अडकित्त्याच्या खिळ्यात तेलाचा एक थेंब टाकून चार वेळा उघड-मीट करा. विळीचा पाट भिजू देऊ नका.

पावसाळ्यात कितीही पुसलं तरी हत्यारं गंजतात. तेल कोणतं लावावं? कापूर ठेवतात त्याचा उपयोग होतो का? (रत्नागिरी)

तेलापेक्षा आधी जागा बघा. गोणपाटात गुंडाळून ठेवलेली हत्यारं गंजणारच. गोणपाट ओलावा धरून बसतो. प्लास्टिकच्या पिशवीत आत घाम सुटतो. सिमेंटच्या जमिनीवर टेकवलेलं फावडं खालून गंजतं. भिंतीपासून दोन बोटं सुटलेल्या लाकडी फळीवर टांगा. लोखंडी कपाट असेल तर तळाशी १५ वॉटचा जुन्या पद्धतीचा दिवा लावा, आतली हवा बाहेरपेक्षा दोन-तीन अंशांनी गरम राहिली तरी दमटपणा पुष्कळ खाली येतो. दिव्याजवळ चिंध्या किंवा तेल ठेवू नका. एलईडी दिव्याचा उपयोग नाही, तो तेवढी उष्णता देत नाही.

रोजच्या हत्याराला शिवणयंत्राचं तेल ठीक. चार महिने न हात लावायच्या हत्याराला मेण चांगलं. १०० ग्रॅम मधमाश्यांचं मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, शेगडी बंद करून त्यात ३०० मिलिलिटर टर्पेंटाइन घाला. उघड्या ज्योतीजवळ हे करायचं नाही, टर्पेंटाइन पेट घेतं. थंड झालं की मलमासारखं होतं. पातळ थर लावा, दहा मिनिटांनी पुसून घ्या. रंध्याच्या तळाला हेच लावलं तर तो लाकडावरही गुळगुळीत सरकतो. सिलिकॉनचे फवारे सुतारकामाच्या हत्यारांना लावू नका, लाकडाला लागले की पॉलिश तिथे गोळे धरतं. गोडंतेलही नको, काही आठवड्यांत ते चिकट होऊन धूळ धरतं.

कापूर ठेवल्याने तोटा नाही, पण त्याच्या भरवशावर तेल लावणं सोडू नका. सिलिका जेल ठेवत असाल तर निळा दाणा गुलाबी झाला की कढईत मंद आचेवर पुन्हा निळा होईपर्यंत परता आणि झाकण बंद होणाऱ्या पेटीतच ठेवा. उघड्या कपाटात ते दोन दिवसांत भिजतं.

आणि कोणाच्याही हाती हत्यार गेलं की परत ठेवताना पातं एकदा तेलाच्या चिंधीने पुसा. घामातल्या मिठामुळे कोकणात दोन दिवसांत पात्यावर बोटांचे ठसे तांबडे उमटतात.